अठरा हप्ते आणि एक सही

घरात नवा मोबाइल घ्यायचा म्हटलं की घराची विधानसभा होते, असा माझा अनुभव आहे. आमच्याकडे माणसं चार आणि पक्षही चार. चिरंजीवांना कॅमेरा चांगला हवा होता. यांना बॅटरी दोन दिवस टिकायला हवी होती. सासूबाईंचं म्हणणं, 'बटणांचा फोन बरा, बोट लागलं की लागतो.' आणि माझा पक्ष नेहमीचाच, पैशांचा!

त्याचं असं झालं. चिरंजीव आयटीआय पूर्ण करून आमच्या बीरगांवजवळच्या उरला औद्योगिक क्षेत्रात एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागले. महिन्याला साडेआठ हजार रुपये हातात येऊ लागले. पहिल्या महिन्यात आजीला लुगडं आणलं, मला पेढे आणले. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या जुन्या फोनचा आवाज बसला. मग एका रविवारी स्वारी बिलासपूर रोडवरच्या दुकानातून एक रंगीत कागद घेऊन आली.

"आई, २४,९९९चा फोन आहे. ४,९९९ आता भरायचे. बाकीचे अठरा हप्ते, १,२९९चे. दिवसाला पडतात त्रेचाळीस रुपये!"

"मग घे की," मी म्हटलं. "कमावता झालास."

"तेवढी एक अडचण आहे. माझ्या नावावर कर्ज मिळत नाही. नोकरी कच्ची आहे ना. बाबांची सही लागेल."

हे कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते. पान खाली झालं नाही, पण उलटलंही गेलं नाही. थोड्या वेळानं तेवढंच म्हणाले, "सही मिळणार नाही."

चिरंजीवांना ते लागलं. "बाबांचा माझ्यावर विश्वास नाही," असं म्हणून ते गच्चीवर निघून गेले. रात्री जेवायलाही खाली येईनात.

यांनी नाही का म्हटलं, ते मला ठाऊक होतं. मुलाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. ती गोष्ट त्याच्या जन्माच्या आधीची.

आजच्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटेल. आपल्या देशात मोबाइलवरून पहिलं बोलणं झालं ते ३१ जुलै १९९५ला. कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना फोन केला होता. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पैसे पडत, आणि समोरच्यानं फोन केला तरी आपल्याला भुर्दंड असे. १ मे २००३पासून येणारे फोन फुकट झाले. त्याच वर्षीच्या जुलैत रिलायन्सनं अवघ्या ५०१ रुपयांत हातात फोन द्यायची योजना काढली. बाकीचे पैसे दरमहा फेडायचे. त्या फोनला आजच्यासारखं सिमकार्ड नसायचं, नंबर फोनच्या पोटातच. म्हणजे फोन आणि कंपनी, दोघांशी एकदमच लग्न! परदेशात 'दोन वर्षांचा करार केला की फोन स्वस्तात' हा जो प्रकार चालतो, त्याच्या जवळ जाणारा प्रकार इथं सर्वसामान्यांच्या घरात तेव्हा शिरला. मग कितीतरी कंपन्यांनी तऱ्हेतऱ्हेच्या योजना काढल्या.

२००४मध्ये आमच्याही घरात तशा एका योजनेतला फोन आला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हताच. धाकट्या भाऊजींना विक्रीचं काम मिळालं होतं. फोनवाचून काम अडत होतं. त्यांच्याकडे पगाराचा दाखला नव्हता, म्हणून यांनी आपल्या नावावर घेऊन दिला. पहिल्या महिन्याचं बिल ठीक आलं. दुसऱ्या महिन्याचं पाहून हे खुर्चीत बसले. तिसरं आलं तेव्हा एकूण आकडा ९,३४० रुपयांवर गेला होता.

बिलातले नंबर वाचून पाहिले. विक्रीचे पाच-सहा. बाकी सगळा एकच नंबर, नागपूरचा! रायपूरहून नागपूर म्हणजे एस.टी.डी. आज जाऊबाई म्हणून जिला मी हाक मारते, तिचं घर होतं ते.

भाऊजींकडे पैसे नव्हते. बिल यांच्या नावावर. शेवटी माझं पोस्टातलं आर.डी.चं खातं मोडलं आणि पैसे भरले. तिथं ते संपायला हवं होतं. पण पुढच्या वर्षी नागपूरला साखरपुड्यात, मुलीकडची मंडळी बसलेली असताना, कशावरून तरी विषय निघाला आणि हे बोलून गेले, "फोनचं बिल भरायची ऐपत नाही, तो संसार काय करणार!"

यांच्या मनात थट्टा होती की राग, मला आजही सांगता येणार नाही. भाऊजी काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं 'कसे आहात, बरे आहात' एवढ्यावर आलं. आम्ही दोघी जावा मात्र बोलत राहिलो. लग्नकार्यात गाठी पडत. भाऊजी बुटीबोरीच्या कारखान्यात लागले, मुलांची शिक्षणं केली, घर बांधलं. संसार चांगला केला. ९,३४० रुपये तर त्यांनी दोन वर्षांतच मनिऑर्डरीनं परत पाठवले होते. पावतीवर मजकूर काहीच नव्हता.

तर ही त्या नकाराची कुळकथा.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, बापलेकांत पडायचं नाही, पण निदान तो कागद काय आहे ते तरी आपण पाहावं. चिरंजीवांना घेऊन दुकानात गेले. दुकानदार फार गोड बोलणारा. "भाभीजी, आप चिंता मत करो, नो कॉस्ट है," म्हणाला. मी विचारलं, "मग पंचवीसऐवजी एकूण किती जातील ते लिहून द्या." त्यावर म्हणाला, "नो कॉस्ट दुसऱ्या मॉडेलवर आहे, या मॉडेलवर थोडंसं पडेल. सालाना ग्यारह परसेंट, बस." आणि मोबाइलवरचा करार अंगठ्यानं सर्रकन वर ढकलत "यहां ओके कीजिये" करू लागला.

मी पिशवीतून पेन काढलं आणि त्याच रंगीत कागदाच्या पाठीवर मांडलं. आता भरायचे ४,९९९. अठरा गुणिले १,२९९ म्हणजे २३,३८२. फाइल चार्ज ६९९. न विचारता घातलेला विमा ९९९. एकूण ३०,०७९ रुपये. म्हणजे २४,९९९च्या फोनवर ५,०८० रुपये जास्त!

आणि ते अकरा टक्के? वीस हजारांच्या कर्जावर दीड वर्षात ३,३८२ रुपये व्याज, हे भागलं तर अकरा-सव्वाअकराच दिसतं. पण दर हप्त्याबरोबर मुद्दल कमी होत जातं. शेवटच्या महिन्यांत तर हजार-दोन हजारच उरलेले असतात, आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या वीस हजारांवर धरलेलं. ते नीट धरलं तर दर वर्षाला वीस टक्क्यांच्या वर जातो. फाइल चार्ज मिळवला तर आणखी वर.

मैत्रिणींनो, हे गणित अवघड नाही. आपण भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी वाद घालतो, आणि इथं पाच हजार रुपये 'दिवसाला त्रेचाळीस'च्या गोडव्यात जाऊ देतो. रिझर्व्ह बँकेनं २०१३च्या सप्टेंबरातच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असा प्रकार मुळात अस्तित्वातच नसतो. कुठं तरी ते भरलेलंच असतं, कधी कंपनीनं सूट देऊन, कधी आपल्या फाइल चार्जात. शिवाय १ ऑक्टोबर २०२४पासूनच्या अशा नव्या कर्जांना आणखी एक नियम लागू आहे. कर्ज देणाऱ्यानं आधी एक मुख्य बाबींचं पत्रक द्यायचं, त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहायचा, आणि तेही कर्ज घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत. हे पत्रक मागायला लाजू नये. मी मागितलं तेव्हा दुकानदाराचा गोडवा जरा कमी झाला, एवढंच.

घरी येताना चिरंजीव गप्प होते. मग म्हणाले, "आणि बाबांनी सही केली, आणि मी हप्ता चुकवला तर?"

"तर तुझ्याबरोबर त्यांच्याही पतीवर डाग. कर्जफेडीची नोंद राहते ना. उद्या घरासाठी कर्ज घ्यायला गेलं तर आधी तीच उघडतात."

वर्षातून एकदा आपला हा पतअहवाल फुकट मागवता येतो. कितीतरी घरांत हे माहीतच नसतं. पाहून ठेवावा. आपल्या नावावर कोणी काय घेतलंय ते तरी कळतं.

रात्री जेवताना पुन्हा विषय निघाला. चिरंजीव नरमले होते, पण फोन तर हवाच होता. म्हणाले, "बाबा, मी हप्ता चुकवणार नाही. लिहून देतो हवं तर."

दिवसभराची ड्यूटी करून आलेले हे वैतागून म्हणाले, "अरे, ज्याची फोनचा हप्ता भरायची ऐपत..."

आणि थांबले.

घास हातातच राहिला. सासूबाईंनी मान वर केली. मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. पुढचं वाक्य आम्हा तिघांनाही पाठ होतं. ज्याला ते माहीत नव्हतं तो एकटा चिरंजीव आमची तोंडं पाहत बसला.

हे उठले, हात धुतला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. बऱ्याच वेळानं मला हाक मारली. "त्याचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?"

कोणाचा, ते मी विचारलं नाही. लावून दिला.

मला वाटलं होतं, माफीची भाषा होईल. पुरुषमंडळी असलं काही करत नाहीत, हे मी संसाराच्या इतक्या वर्षांनी शिकायला हवं होतं. पलीकडून "हं दादा" असं ऐकू आलं. हे घसा खाकरून म्हणाले, "अरे, पोराला फोन घ्यायचाय. मला त्यातलं कळत नाही. तुला विचारावं म्हटलं."

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग भाऊजी जे बोलायला लागले ते थांबेचनात.

"कॅमेऱ्याचं सोड," ते म्हणाले, "पोरगा लोखंडाच्या कारखान्यात आहे ना? मग आधी धूळ बघ."

ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. आणि आम्ही राहतो बीरगांवात! इथल्या बाईला काही शिकवावं लागत नाही. दोरीवरचे कपडे वेळेत काढायचे, पाण्याच्या हंड्यावर झाकण ठेवायचं, गच्चीवर अनवाणी जायचं नाही. एका अंगाला उरला, पुढं सिलतरा, स्पंज आयर्नचे कारखाने. काळी भुकटी उन्हाळ्यात खिडकीच्या चौकटीवर बोटभर लिहिता येईल एवढी बसते. भाऊजींनी सांगितलं की मोबाइलच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो, लोखंडाची बारीक पूड त्याच्या जाळीला जाऊन चिकटते आणि आवाज बसतो. चिरंजीवांचा जुना फोन याच दुखण्यानं गेला असणार!

मग त्यांनी 'आयपी'चे आकडे समजावले. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पहिला ५ असेल तर थोडी धूळ आत जाऊ शकते, पण काम बिघडण्याइतकी नाही. ६ असेल तर धूळ आत शिरूच नये अशी बांधणी. चिरंजीवांनी लगेच शोधलं. पंचवीस हजारांच्या फोनचा आकडा निघाला आयपी ५४, आणि यादीत खाली पडलेल्या १३,४९९ रुपयांच्या एका फोनचा आयपी ६४. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

भाऊजींनी आणखी तीन गोष्टी लिहून घ्यायला सांगितल्या. एक, कंपनी किती वर्षं सुरक्षेचे अपडेट देणार ते विचारा. महागड्या फोनांना आता सात-सात वर्षांचं आश्वासन मिळतं, स्वस्तात बहुतेकदा कमी मिळतं. बँकेचे व्यवहार फोनवर करायचे असतील तर हे महत्त्वाचं. दोन, कंपनीचं दुरुस्ती केंद्र आपल्या गावात आहे का ते आधी पाहा, नाही तर फोन कुरिअरनं दौरे काढत बसतो. तीन, पैसे देण्याआधी डब्यावरचा आयएमईआय नंबर फोनवर *#०६# दाबून ताडून पाहा, आणि केवायएम लिहून पुढे तो नंबर टाकून १४४२२ला एसएमएस करा. फोन चोरीचा किंवा बनावट नोंदीचा असेल तर तिथल्या तिथे कळतं.

फोन ठेवताना भाऊजी म्हणाले, "दादा, आईला दे जरा." सासूबाई आपल्या बटणांच्या फोनचं कौतुक त्यांना सांगत बसल्या. त्यांच्यासाठीही एक गोष्ट कामाची निघाली. ज्यांना इंटरनेट नकोच, त्यांच्यासाठी नुसत्या बोलण्याचे आणि एसएमएसचे रिचार्ज कंपन्यांनी ठेवलेच पाहिजेत, असं ट्रायनं २०२४च्या डिसेंबरात ठरवून दिलं. म्हातारीच्या फोनमध्ये रोजचं दीड जीबी भरून वाया घालवायचं कारण नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं रायपूरला जयस्तंभ चौकाजवळच्या रवि भवनात गेलो. तिथं मोबाइलची इतकी दुकानं की डोळे फिरतात. चार ठिकाणी विचारून १३,४९९चाच फोन घेतला. पक्कं बिल, नंबर ताडून, एसएमएस करून. कर्ज नाही, विमा नाही, फाइल चार्ज नाही. चिरंजीवांच्या खात्यात ६,००० होते. वरचे ७,४९९ मी दिले.

पण फुकट नाही. घरी आल्यावर चिरंजीवांनी स्वतःच वहीचं पान फाडलं आणि वर मथळा दिला, 'मुख्य बाबींचं पत्रक'. कर्ज रुपये ७,४९९. हप्ते सहा. प्रत्येकी १,२५०. एकूण ७,५००. म्हणजे व्याज रुपया एक! खाली कर्जदार म्हणून त्यांची सही, सावकार म्हणून माझी. आणखी एक जागा रिकामी सोडली होती, 'जामीनदार'.

हे चष्मा लावून तो कागद दोनदा वाचत होते. खिशातलं पेन काढलं आणि सही केली. एक शब्द बोलले नाहीत.

विचार केला तर फोन निवडायची सोय ही तशी अलीकडचीच. २०१८मध्ये छत्तीसगड सरकारनं संचार क्रांती योजनेत बायकांना आणि कॉलेजच्या मुलांना फोन वाटायला घेतले. सुमारे पन्नास लाखांचं उद्दिष्ट होतं. मायक्रोमॅक्सचे फोन, जिओचं सिम. आमच्या गल्लीतही काही जणींना मिळाले. कोणता हवा हा प्रश्नच नव्हता, मिळाला तो आपला. त्याआधीच्या वर्षी १,५०० रुपये अनामत ठेवून जिओचा फोन मिळायचा, ती अनामत तीन वर्षांनी परत मिळेल अशी बोली होती. सरकार बदललं, योजना बंद पडल्या, फोनही मोडीत गेले. आता बाजारात इतके प्रकार आहेत की निवडायचं कसं हेच कळेनासं होतं. मग माणूस कॅमेरा पाहतो, रंग पाहतो, आणि हप्ता दिवसाला किती पडतो ते पाहतो. आपल्या घराची धूळ कुठली, ते मात्र बाहेरचं कोणी तरी सांगावं लागतं.

हे लिहिते आहे तेव्हा चिरंजीवांचे चार हप्ते आले आहेत. चौथा दोन दिवस उशिरा आला. जामीनदारांनी मला विचारलं, "आला का गं त्याचा?" मी म्हटलं, "येईल." दोन दिवसांनी आला. यापलीकडे त्यावर चर्चा झाली नाही.

आणि हो, त्या रात्रीचं बोलणं किती वेळ चाललं ते चिरंजीवांनी नंतर फोनमध्ये पाहून सांगितलं. सत्तेचाळीस मिनिटं, बीरगांव ते नागपूर. ऐकल्यावर यांनी सवयीनं विचारलं, "बिल किती आलं?"

"काहीच नाही, बाबा. आता वेगळे पैसे पडत नाहीत."

हे जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग रविवारी पुन्हा लाव."